शब्द घरातच आहेत, वाक्य हवं

"सर, लेकराला इंग्लिश येत नाही. पुढं कसं व्हायचं?"

बारावीनंतरच्या प्रवेशाच्या दिवसांत लातूर-नांदेडकडच्या पालकांशी बोलायला बसलं की हा प्रश्न येतोच. लेकरू शेजारी मान खाली घालून ऐकत असतं. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत त्याला चांगले गुण असतात, मायटोकॉन्ड्रिया आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन स्पेलिंगसह पाठ असतं. पण प्रवेश परराज्यातल्या कॉलेजात मिळाला आणि खोलीतला नळ बिघडलाय एवढंच वॉर्डनला सांगायची वेळ आली, तर ते तीन दिवस बादलीने पाणी आणेल, पण बोलणार नाही.

हा त्या लेकराच्या बुद्धीचा दोष नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांमुळे लातूर पॅटर्न राज्यभर गाजला तो सरावाच्या जोरावर. परीक्षेत जे येणार, ते पुन्हापुन्हा सोडवायचं. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. त्या पूर्ण पेपरात विद्यार्थ्याला स्वतःचं एकही वाक्य तयार करावं लागत नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे ही मुलं बारा वर्षं इंग्रजी शिकलेली असतात, फक्त ते तोंडाने वापरायची सवय त्यांना कुणी लावलेली नसते.

मी पालकांना आधी एक कागद घ्यायला सांगतो. दिवसभरात घरात बोलले जाणारे इंग्रजी शब्द त्यावर लिहायचे. शेतातून सुरुवात करा: मोटर, स्टार्टर, फ्यूज, डीपी, व्हॉल्व्ह, पाइप, ड्रिप, स्प्रिंकलर, ट्रॅक्टर, ट्रॉली. मग दवाखाना: सलाईन, बीपी, शुगर, एक्स-रे, रिपोर्ट, ॲडमिट, डिस्चार्ज. बँकेत गेलं की लोन, खात्यातला बॅलन्स, चेक, गॅरंटर. लेकराच्या शिक्षणाचे तर रँक, कटऑफ, राऊंड, रिपीटर, फी, हॉस्टेल. ज्या आजीला इंग्रजी अक्षर ओळखता येत नाही तिच्याही बोलण्यात असे शंभरेक शब्द सहज निघतात. मूळ शब्दसंपत्ती घरातच आहे. मात्र यातले बहुतेक शब्द वस्तूंची नावं आहेत. त्या वस्तूचं काय झालं, तिचं कुणी काय केलं, हे सांगणारी क्रियापदं आपण मराठीच ठेवली आहेत: मोटर जळाली, फ्यूज उडाला, लोन फेडलं, पेपर गेला. अडतं ते इथं.

म्हणून "आधी डिक्शनरी पाठ कर" हा सल्ला मला पटत नाही. सी. के. ऑग्डेन या इंग्रज भाषातज्ज्ञाने १९३० साली फक्त ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली होती. त्यात क्रियापदं तर अगदी मोजकी होती. मायकेल वेस्ट यांची गोष्ट आपल्याला आणखी जवळची. ते ढाक्याला शिक्षकांना शिकवत होते आणि बंगाली मुलांचे इंग्रजीचे हाल रोज पाहत होते. अवघड, क्वचित लागणारे शब्द बाजूला काढून नेहमीच्या शब्दांत त्यांनी मुलांसाठी वाचनमाला तयार केली. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या शिक्षकांनी ती वापरली. दोन हजार ही संख्या ऐकून दचकू नका. त्यातले कित्येक शब्द तुमच्या त्या कागदावर आधीच आहेत.

चूक होते ती मराठी वाक्य जसंच्या तसं उचलल्यामुळे. आपण पेपर 'देतो', म्हणून मुलं 'आय गेव्ह द एक्झाम' म्हणतात. तिथे 'आय टुक द एक्झाम' हवं. आपला पेपर सोपा 'जातो', तर इंग्रजीत तो नुसता सोपा असतो: 'द पेपर वॉज ईझी'. फोन कट झाला तर 'वी गॉट डिस्कनेक्टेड'. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा-भजी मिळण्याचं ठिकाण. इंग्रजीत हॉटेलात लोक मुक्कामाला जातात. आणि ओळख करून देताना 'मायसेल्फ' नको, सरळ 'आय ॲम' म्हणावं.

एक चूक मात्र नीट समजून घ्यावी, कारण वैद्यकीयच्या मुलांना ती रोज भेटते. 'दोन दिवसांपासून' आणि 'सोमवारपासून' या दोन्हींत मराठीला एकच 'पासून' पुरतं. इंग्रजीत किती काळ ते सांगायचं असेल तर 'फॉर टू डेज', आणि केव्हापासून ते सांगायचं असेल तर 'सिन्स मंडे'. नांदेड किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्ण छातीत दुखतंय ते मराठीत सांगतो आणि विद्यार्थ्याला तीच हकिगत सरांपुढे इंग्रजीत मांडायची असते. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळे शेजारी उभा असलेला वर्गमित्र केरळचा किंवा राजस्थानचाही असू शकतो. एमबीबीएसच्या २०१९च्या अभ्यासक्रमात सुरुवातीला जो पायाभूत भाग ठेवला, त्यात भाषेलाही जागा आहे. म्हणजे ही अडचण देशभरच्या मुलांची आहे, एकट्या तुमच्या लेकराची नाही.

सराव कसा करायचा? साधी शंभरपानी वही घ्या आणि तीत सुटा शब्द लिहूच नका, पूर्ण वाक्य लिहा. पानं प्रसंगानुसार वाटून घ्या: वसतिगृह, मेस, बँक, प्रवास, दवाखाना. 'द टॅप इन माय रूम इज नॉट वर्किंग' हे एक वाक्य आलं की नळाच्या जागी फॅन ठेवा, लाईट ठेवा, लिफ्ट ठेवा. एका साच्यात दहा वाक्यं निघतात. रोज तीन साचे पुरे. आज लिहिलेलं उद्या, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने वही मिटून मोठ्याने म्हणायचं. मनातल्या मनात म्हटलेलं धरायचं नाही, जिभेला वळण लागायला आवाज निघावाच लागतो. मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. पहिले चार दिवस लाज वाटेल, वाटू द्या. आणि नांदेडच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत असाल तर घोषणा कान देऊन ऐका. तीच माहिती मराठी, हिंदी आणि इंग्रजीत मिळते, तीही फुकट. 'इज रनिंग लेट बाय' हे तिथून उचललेलं वाक्य उद्या तुमच्या बससाठी, तुमच्या प्रोजेक्टसाठीही चालतं.

पालकांना कळकळीने सांगतो: या एका भीतीपोटी आठवी-नववीत लेकराचं माध्यम बदलू नका. विषय समजेनासे झाले तर इंग्रजीही जातं आणि गणितही. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीची जाहिरात पाहून लगेच पैसे भरू नका. आधी एक तास वर्गात बसून पाहा. त्या तासात शिक्षक किती बोलले आणि मुलं किती बोलली, एवढंच मोजा. आणि कोणत्या वाटेला किती इंग्रजी लागतं तेही माहीत असू द्या. यूपीएससीची मुख्य परीक्षा आणि मुलाखत मराठीतून देता येते. तिथला ३०० गुणांचा सक्तीचा इंग्रजी पेपर फक्त पात्रतेपुरता असतो, त्याचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. उलट आयबीपीएसच्या बँक पीओ पूर्वपरीक्षेत १०० पैकी ३० प्रश्न इंग्रजीचे असतात, तिथे मात्र ही तयारी टाळून चालत नाही.

"आम्हालाच येत नाही, आम्ही काय मदत करणार?" असं वडील म्हणतात. संध्याकाळी लेकराला समोर बसवा आणि विचारा, आज रानात मोटरीचं काय झालं? त्याने इंग्रजीत सांगायचं, तुम्ही ऐकायचं. 'द पॉवर केम ॲट टेन. आय स्विच्ड ऑन द मोटर. इट रॅन फॉर टू अवर्स, अँड देन द फ्यूज ब्लू.' पॉवर, मोटर, फ्यूज तुम्हाला कळतील. मधलं काही अडलं तर त्याला थांबवून विचारा, म्हणजे तेच त्याला पुन्हा, अधिक सोपं करून सांगावं लागेल.