आजीची पळी : पूजेतील उपकरणांचा अर्थ आणि वापर

॥ श्री गुरवे नमः ॥

हा पाठ रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांनी एकत्र बसून, एकाने मोठ्याने वाचावा ही विनंती.

आज विषयाकडे वळण्याआधी आमच्याच घरातली एक चूक सांगतो. आईचं वर्षश्राद्ध झालं आणि आम्ही भावंडं तिचं घर आवरायला बसलो. देव थोरल्या दादाकडे जायचे हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता भोवतीच्या भांड्यांचा. समयांची जोडी, घंटा, शंख, सहाण, पोचे आलेलं ताम्हन, दांडी वाकलेली पळी आणि पंचपात्री. "घासणार कोण? आता स्टीलचं सुटसुटीत मिळतं," असं म्हणत आम्ही ताम्हन, पळी आणि पंचपात्री मोडीत दिली. वजन झालं, पैसे आले, विषय संपला असं वाटलं.

पुढच्याच महिन्यात धाकट्या भावाच्या मुलाची मुंज ठरली. यादी करताना तो सहज म्हणाला, "काका, संध्येला आजीची पळी घेणार आहे मी. तिने मला देईन म्हटलं होतं." आम्हा मोठ्यांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही.

त्या दिवशी कळलं की या वस्तू कशासाठी आहेत, हे आम्हाला नीट माहीतच नव्हतं. माहीत असतं तर हात थबकला असता. म्हणून हा पाठ, आधी आमच्यासाठी आणि मग सगळ्यांसाठी.

*देवाआधी उपकरणांची पूजा*

षोडशोपचार पूजा आठवून पाहा. आचमन, प्राणायाम, संकल्प झाला की आपण लगेच देवाकडे वळत नाही. आधी कलशाची पूजा, मग शंखाची, मग घंटेची, मग दिव्याची. त्यांना गंध-अक्षता-फूल वाहतो आणि मगच देवाचं ध्यान आणि आवाहन. म्हणजे ज्यांच्या मदतीने सेवा करायची, त्यांना पहिला नमस्कार. दसऱ्याला आपण हत्यारं-अवजारं पुजतो तोच हा भाव, फक्त पूजेत तो रोजचा आहे.

*कलश*

कलशपूजनात पाण्यात सात नद्यांना बोलावतात : गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी. आता आपण सगळे किती ठिकाणी विखुरलेले आहोत ते बघा. इंदूरकरांच्या नळाला खरोखर नर्मदाच येते. हैदराबादला मंजिरेचं पाणी येतं, ती पुढे गोदावरीलाच मिळते. बेळगावला राकसकोपचं, ग्वाल्हेरला तिघऱ्याचं, गोव्यात बऱ्याच घरांत ओपाचं. नळ वेगळे, पण तांब्यावर हात ठेवून नावं घेतली की सगळ्यांच्या देवघरात त्याच सात नद्या. परगावी गेलेल्या माणसाला "तीर्थ आता दूर राहिलं" असं वाटू नये, याची सोय पूर्वजांनी एका तांब्यात करून ठेवली आहे.

*पळी, पंचपात्री, ताम्हन*

ही तिन्ही एका कुटुंबातली. पंचपात्रीत पाणी राहतं, पळी ते देते, ताम्हन ते झेलतं.

आचमन करताना उजव्या हाताचा तळवा गाईच्या कानासारखा खोलगट करायचा. पाणी किती? उडदाचा दाणा जेमतेम बुडेल इतकंच. केशव, नारायण, माधव या तीन नावांनी पाणी प्राशन करायचं, तेही अंगठ्याच्या मुळाकडून, आवाज न करता. चौथ्या, गोविंद या नावाने पाणी ताम्हनात सोडायचं. पळी लहान का असते, हे इथे समजतं. तांब्यानेही पाणी घेता आलं असतं, पण पळीमुळे मोजून घ्यायची सवय लागते. मुंजीत मुलाच्या हातात पळी येते तेव्हा त्याला मिळणारा हा पहिला धडा : लागेल तेवढंच घ्यावं आणि शेवटचं सोडून द्यावं.

ताम्हनाकडे आपलं सर्वांत कमी लक्ष असतं. देवाचं स्नान त्यात होतं, अर्घ्याचं पाणी त्यात पडतं, संकल्पाचं उदकही त्यातच सोडतात. सगळं सांभाळणारं ते भांडं. त्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतू नये. तीर्थ घेऊन उरलेलं झाडाच्या मुळाशी घालावं. फ्लॅटमध्ये अंगण नसलं तरी एक कुंडी असतेच.

व्यवहाराची गोष्टही सांगून ठेवतो. दही-दूध-तूप-मध-साखर यांचं पंचामृत तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात ठेवू नये. आंबट पदार्थाने धातू लागतो, पंचामृत कळकतं आणि ते प्यायला योग्य राहत नाही. चांदीची, स्टीलची किंवा कल्हई केलेली वाटी घ्यावी. तांब्याची भांडी चिंचेने किंवा आमसुलाने घासून, साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडी पुसावीत, म्हणजे डाग राहत नाहीत.

*शंख*

शंख विष्णूच्या हातातला. वाजवायचा शंख आणि पूजेचा शंख वेगळे ठेवण्याची रीत आहे. पूजेचा शंख आडणीवर ठेवतात, त्यात पाणी भरतात आणि ते पाणी फुलाने पूजासाहित्यावर व स्वतःवर शिंपडतात. तो तोंडाला लावत नाहीत. शंखाच्या पाण्याने शंकराला स्नान घालत नाहीत, हेही लक्षात असू द्या. पूजा झाली की शंख धुऊन ठेवावा, पाणी तसंच साचू देऊ नये.

*घंटा*

घंटा वाजवण्याचा हेतू परंपरेने दुहेरी सांगितला आहे : देवांनी यावं आणि वाईट वृत्तींनी जावं. मुलं घंटा हातात आली की जोरात हलवतात, त्यांना रागावू नका. फक्त हे सांगा की घंटा डाव्या हातात धरायची, कारण उजवा हात धूप-दीप ओवाळत असतो. एका हाताने सेवा, दुसऱ्या हाताने नाद. त्या वेळी मोबाइल धरायला तिसरा हात नाही, हे आपोआपच समजतं! घंटेच्या मुठीवर बहुधा गरुड किंवा मारुती असतो. दोघेही दास. मालकाला हाक मारायची तर ती सेवकाच्या मुखाने, असा भाव आम्ही त्यातून घेतो.

*समई आणि निरांजन*

समईत तेल आणि लांब वात, निरांजनात तूप आणि फुलवात. तेल-तूप एकत्र करत नाहीत. समई देवापाशी तेवत राहते, निरांजन ओवाळायला हातात येतं. गोव्याकडे जुन्या घरांतून टांगलेला लामणदिवाही दिसतो. दिवा फुंकून मालवू नये, आणि "विझला" न म्हणता "शांत झाला" म्हणावं. आपल्या आज्या हे शब्द जपून वापरायच्या. शब्द जपला की वस्तूही जपली जाते.

*सहाण आणि खोड*

चंदनाचं खोड सहाणेवर उगाळताना थेंब-थेंब पाणी घालायचं. जास्त घातलं तर गंध पातळ होतं, घाई केली तर उतरत नाही. देवाला गंध अनामिकेने लावतात. खोड रोज थोडं झिजतं आणि झिजताना सुगंध देतं. घरात सगळ्यांसाठी झिजणारं माणूस कोण आहे, ते उगाळताना एकदा आठवावं.

*मग भाव की वस्तू?*

काही साधक विचारतात, "मानसपूजेत काहीच लागत नाही, मग एवढा पसारा कशाला?" प्रश्न योग्य आहे. पंचोपचारांत गंध पृथ्वीचं, फूल आकाशाचं, धूप वायूचा, दीप तेजाचा आणि नैवेद्य जलतत्त्वाचा मानतात. मानसपूजेत हेच पाच उपचार मनाने वाहतात. पण ज्या हाताने कधी गंध उगाळलं नाही, त्याचं मन ते कुठून आणणार? आधी हात शिकतो, मग मन शिकतं. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याची पूजा एका फुलाने, तेही नसेल तर नमस्काराने पूर्ण होते. मात्र घरात असलेलं न जाणता टाकून देणं म्हणजे वैराग्य नव्हे. आम्ही टाकलं ते कंटाळ्याने, आणि त्याला नाव दिलं सुटसुटीतपणाचं.

*मोडीत देण्यापूर्वी*

घर आवरताना एवढं करावं. घरातल्या सगळ्यांना, मुलांनाही, विचारावं की कोणाला काय हवं आहे. भोक पडलेलं ताम्हन झाळून घेता येतं, पोचे काढता येतात, आधी तांबटाला दाखवावं. समयांची जोडी शक्यतो फोडू नये. आपल्याला नको असेल तर नव्याने संसार मांडणाऱ्या एखाद्या घरी द्यावं. एवढं करूनही द्यावंच लागलं तर नमस्कार करून द्यावं.

मुंज झाली. पुतण्यासाठी नवी पळी-पंचपात्री आणली. ती देताना आम्ही त्याची माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "असू दे काका. हीच जपतो." आईच्या समया दादाकडे आहेत. येत्या दिवाळीत तो जोडीच्या जोडी त्याला देणार आहे.

*या आठवड्याचा अभ्यास*

१. देवघरातलं प्रत्येक उपकरण बाहेर काढून मुलांना त्याचं नाव आणि काम सांगा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाच सांगू द्या.

२. कोणती वस्तू कोणाची, कुठून आली, ते एका वहीत लिहून ठेवा.

३. एक दिवस मुलांच्या हाताने गंध उगाळून घ्या. घाई करू नका.

पुढच्या पाठात नैवेद्याबद्दल पाहू. कोणाच्या घरी वेगळी रीत असेल तर ग्रुपवर जरूर कळवा. प्रांताप्रांतात रीत बदलते, त्यातूनही शिकायला मिळतं.

॥ श्री गुरुचरणार्पणमस्तु ॥