परमुलुखांत पेरलेला पैसा

रत्नागिरीस गेलेल्या पुष्कळांनीं थिबा राजाचा राजवाडा पाहिला असेल. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजास इंग्रजांनीं १८८५ सालीं पदच्युत केलें व पुढील वर्षापासून रत्नागिरीस ठेविलें. तेथेंच १९१६ सालीं त्याचा अंत झाला. परंतु त्या युद्धाचें निमित्त थोड्यांसच ठाऊक असतें. आमच्याच मुंबईचें नांव धारण करणारी एक इंग्रज कंपनी तेथील सागवान तोडीत असे. तिनें लांकडाचा पुरता पैसा भरला नाहीं, असा आरोप ठेवून राजदरबारानें तिला जबर दंड केला. आणि या तंट्याचें पर्यवसान राज्य बुडण्यांत झालें. शेजारच्या देशांतील व्यापार हा केवळ नफ्यातोट्याचा हिशेब नव्हे, हें यावरून दिसतें. त्याच देशांत आपल्या देशबांधवांनीं जो पैसा गुंतविला, त्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

१८५२ सालीं दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांच्या हातीं गेला, तेव्हां इरावती नदीच्या मुखाकडील प्रदेश बहुतेक जंगल व दलदल यांनीं व्यापलेला होता. पुढें १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला व तांदळास युरोपांत गिऱ्हाईक वाढलें. भाताखालील जमीन सुमारें ८ लाख एकरांवरून १९३० च्या सुमारास ८० लाख एकरांच्या वर गेली. जंगल तोडण्यास, बैल व बीं घेण्यास शेतकऱ्याला पैसा हवा होता. परंतु इंग्रजी बँका त्याला दाराशीं उभें करीत नसत. तो पैसा मद्रास इलाख्यांतील नगरत्तार चेट्टींनीं पुरविला.

त्यांची व्यवस्था शिकण्यासारखी होती. मुनीम तीन वर्षांच्या बोलीनें जाई, बायकामुलें मागें गांवीं ठेवी, काटकसरीनें राही व पै-पैचा हिशेब लिही. एका पेढीची हुंडी दुसरी पेढी मानीत असे. त्यांचें व्याज तेथील स्थानिक सावकारांपेक्षां कमी असे. १९२९-३० च्या सरकारी चौकशीच्या वेळीं त्यांच्या सुमारें १,६५० पेढ्या तेथें होत्या.

मग मंदी आली. तांदळाचे भाव दोन वर्षांत निम्म्यावर आले. कर्ज तेंच, व्याज तेंच; पीक मात्र अर्ध्या मोलाचें! तारण ठेविलेलीं शेतें सावकाराकडे जाऊं लागलीं. मुख्य १३ भाताच्या जिल्ह्यांत चेट्टींकडील जमीन १९३० सालीं शेंकडा ६ होती, ती १९३८ पर्यंत शेंकडा २५ झाली. वास्तविक चेट्टींस जमीन नको होती. त्यांना फिरता पैसा हवा होता, आणि तोच चिखलांत रुतला. परंतु ज्या शेतकऱ्यानें जंगल तोडून शेत केलें, त्याला हें कोण समजावणार? त्याच्या बांधावर तो कूळ झाला होता.

१ एप्रिल १९३७ रोजीं ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला. कालचा प्रांत आज परदेश बनला. १९४२ सालीं जपानी स्वारीमुळें लाखों हिंदी लोक, कित्येक तर पायीं, डोंगर ओलांडून परतले. १९४८ सालीं देश स्वतंत्र झाला व त्याच वर्षीं जमिनी सरकारजमा करण्याचा कायदा झाला. १९६२ सालीं लष्कराचें राज्य आलें. १९६३ सालीं बँका व १९६४ सालीं दुकानें सरकारनें घेतलीं, आणि पुढील कांहीं वर्षांत सुमारें ३ लाख हिंदी लोकांस तो देश सोडावा लागला. मालकांच्या पदरीं गुंतविल्या पैशाच्या मानानें फारच थोडें पडलें.

यांत चेट्टींची अप्रामाणिकता नव्हती. त्यांचे कागद चोख होते. पण कागदाचें बळ कागद मानणाऱ्या सत्तेइतकेंच असतें, आणि ती सत्ता तेथील लोकांची नव्हती. सारा पैसा एकाच पिकावर व एकाच तारणावर ठेविला, ही पहिली चूक. तीन वर्षांच्या पाहुण्यानें त्या भूमींतील माणसांस आपल्या भरभराटींत भागीदार केलें नाहीं, ही दुसरी. आणि आमच्या मतें हीच मोठी.

त्या देशास आतां म्यानमार म्हणतात. २०१६ सालीं तेथें परकी गुंतवणुकीस अभय देणारा नवा कायदा झाला. १ फेब्रुवारी २०२१ रोजीं लष्करानें पुन्हा सत्ता बळकाविली, व अनेक परदेशी कंपन्यांनीं काढता पाय घेतला. म्हणजे जुना धडा अद्याप जुना झालेला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं जण उद्यां व्यापारासाठीं सीमेपलीकडे जातील. अवश्य जावें; घरकोंबडेपणानें कोणताहि देश संपन्न झालेला नाहीं. मात्र तेथील भाव विचारण्यापूर्वीं तेथील भाषा शिका, आणि आपण परत निघालों तर तेथील शेजाऱ्यास वाईट वाटेल कीं सुटल्यासारखें वाटेल, हा प्रश्न स्वतःस दरवर्षीं हिशेबाच्या वेळीं विचारा.