कपाळावरची नागीण आणि डोळा

कपाळाच्या एका बाजूला आग होते, ठणका लागतो, केसांतून फणी फिरवली तरी झोंबते. वर काहीच दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी त्याच जागी पाणीदार फोडांचे पुंजके उठतात. सातारा-सांगलीकडे ही नागीण. गावात अजूनही आधी मंत्र टाकणाऱ्याला बोलावतात, नाहीतर गेरू फासतात. नागिणीचे तोंड-शेपूट जुळले की माणूस जातो, ही त्यामागची भीती. डॉ. नरेंद्र दाभोळकरांच्या जिल्ह्यातही ती गेलेली नाही!

कांजिण्यांचा विषाणू लहानपणापासून मज्जातंतूच्या मुळाशी दबून असतो. वय वाढले, प्रतिकारशक्ती घटली की तो एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. मज्जातंतू एकाच बाजूचा, म्हणून पुरळ सहसा शरीराच्या मध्यावर थांबते. विळखा पुरा होत नाही. फोड दोन-चार आठवड्यांत आपोआप वाळतात आणि श्रेय मंत्राला मिळते.

कपाळावरच्या नागिणीत मात्र हे दिवस वाया गेले तर नजर जाऊ शकते. कपाळाच्या मज्जातंतूचीच एक फांदी डोळ्यात जाते, तीच नाकाच्या शेंड्यालाही. म्हणून शेंड्यावर फोड आला तर डोळ्याला धोका अधिक. मात्र नाकावर फोड नाही म्हणून डोळा सुरक्षित, असेही समजू नये. बुबुळाला जखम होते, डोळ्याच्या आत सूज येते, दाब वाढून काचबिंदू होतो. कधी बुबुळ बधिर होते. मग कचरा गेला तरी कळत नाही आणि जखम चिघळते.

विषाणूविरोधी गोळ्या, उदाहरणार्थ असायक्लोव्हिर, पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर उत्तम. उशीर झाला तरी डॉक्टरांकडे जावेच. मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधी सांगावे, मात्रा बदलते. मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब परस्पर आणून घालू नयेत. सातारा आणि सांगलीचे सिव्हिल, मिरजेचे शासकीय रुग्णालय, कुठेही जा, पण डोळे तपासून घ्या. पुरळ वाळल्यावरही डोळा लाल झाला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले तर पुन्हा दाखवावे.

तरुण माणसाला नागीण झाली तर एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते आणि गुप्त राहते. यात लाजण्यासारखे काही नाही. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लसही आता भारतात मिळते, दोन डोसांची. पण ती महाग आहे. फोड वाळेपर्यंत गरोदर बाई आणि तान्ही मुले यांच्यापासून रुग्णाने दूर राहावे.