सेटिंग जुळत नाही, म्हणजे प्रोसेसर बिघडला का?

प्रश्न : आमच्या कार्यालयात दोन प्रोसेसरचा जुना सर्व्हर आहे, त्यावर लिनक्स चालते. सुरू होताना ‘प्रोसेसरांची एमटीआरआर सेटिंग्ज विसंगत होती, दुरुस्त केली’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. दुरुस्तीवाला प्रोसेसर बदला म्हणतो. कॅशे रिकामी केली तर भागेल का?
– एक वाचक, एन्नोर (चेन्नई)

उत्तर : प्रोसेसर बदलू नका. कॅशे रिकामी करण्याचाही इथे संबंध नाही. मेमरीचा कोणता भाग कॅशेत ठेवायचा आणि कोणता नाही, हे एमटीआरआर रजिस्टरांत लिहिलेले असते. इंटेलने ती पेंटियम प्रोपासून (1995) आणली. प्रत्येक प्रोसेसरवर ही नोंद सारखीच हवी; नाहीतर एकाच पत्त्यावरची माहिती एकाला नवी, दुसऱ्याला शिळी दिसू शकते.

नोंदी भरण्याचे काम बायोसचे. तुमच्या बायोसने बहुधा एकाच प्रोसेसरच्या नोंदी नीट भरल्या. लिनक्सने ते ओळखून सर्वांना सारखी सेटिंग्ज दिली, म्हणूनच ‘दुरुस्त केली’ असे दिसते.

सर्व्हर सुरळीत चालत असेल तर काही करू नका. तो फार मंद असेल किंवा रॅम बसवलेल्यापेक्षा बरीच कमी दिसत असेल, तर उत्पादकाकडून बायोसची नवी आवृत्ती घ्या. त्याआधी बॅकअप घ्या आणि काम यूपीएसवरच करा. मध्येच वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो. रजिस्टरांत हाताने बदल मात्र करू नका.