‘सैराट’ आणि ‘धडक’ : शेवटच्या प्रसंगाचा अभ्यास

एकच कथा दुसऱ्यांदा सांगितली जाते तेव्हा तिच्यातले काय टिकते आणि काय गळते, हा विषय आमच्या पेणकरपाड्यातील रविवारच्या वर्गात अनपेक्षितपणे निघाला. एका विद्यार्थ्याने ‘फायनल फँटसी सेव्हन’ या जपानी व्हिडिओ गेमची गोष्ट सांगितली. 1997 च्या मूळ खेळात एरिथ ही तरुणी मारली जाते, ती कायमची. 2024 साली आलेल्या नव्या रूपात मात्र सोबती तिच्यासाठी रडत असतात आणि नायकाला ती दिसतच राहते. “सर, मरण असे पातळ का करतात?” असे त्याने विचारले. खेळातले आम्हाला फारसे कळत नाही. परंतु प्रश्न खरा होता, म्हणून आम्ही आपल्या घराजवळचे उदाहरण घेतले.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला. करमाळ्याच्या बाजूची पाटलाची आर्ची आणि पारधी समाजातला परश्या पळून हैदराबादला जातात, संसार मांडतात, त्यांना मूल होते. आर्ची आईला फोन करते. पुढे माहेरची माणसे आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन येतात. आर्ची त्यांना चहा करून देते. खून आपल्याला दाखवलेला नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते, आईबापांना रक्तात पडलेले पाहते, रडते, आणि त्याच्या रडण्याचा आवाजसुद्धा आपल्याला ऐकू येत नाही. अजय-अतुल यांच्या ज्या संगीतावर सारा महाराष्ट्र नाचला, त्याच चित्रपटाचा शेवट असा मुका आहे. लहान पावलांचे रक्ताचे ठसे तेवढे उमटत जातात.

शशांक खेतान यांचा हिंदी ‘धडक’ 20 जुलै 2018 रोजी आला. करमाळ्याचे उदयपूर झाले, हैदराबादचे कोलकाता. भेटवस्तू तशाच आल्या, भाऊही तसाच आला. पण येथे मधुकर आणि लहानगा यांना इमारतीवरून खाली टाकले जाते आणि बाहेर गेलेली पार्थवी ते डोळ्यांनी पाहते. ती जिवंत राहते.

बदल एवढाच, असे कोणी म्हणेल. आम्हाला तो फार मोठा वाटतो. ‘धडक’मध्ये आपल्या वतीने टाहो फोडायला पडद्यावर एक बाई उभी आहे. तिच्याबरोबर आपण रडतो आणि मोकळे होऊन घरी जातो. ‘सैराट’मध्ये रडणारे जे उरते त्याला अजून धड बोलताही येत नाही. वर्गातील एका आजीबाईंनी ‘सैराट’बद्दल एकच गोष्ट विचारली, “ते लेकरू मग कुठं गेलं?” ‘धडक’बद्दल त्यांनी काही विचारले नाही.

दुसरे असे की ‘सैराट’मधील मरणाची तयारी पहिल्या तासापासून चाललेली असते. आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात प्राध्यापकांच्या थोबाडीत मारतो, आणि बापाला त्याची लाज नव्हे, कौतुक वाटते. शेवटी जे शस्त्र चालते ते तेथेच परजले गेले आहे. ‘धडक’मध्ये जातीचा उल्लेख ओझरता येतो. त्यामुळे तेथला मृत्यू एखाद्या दुष्ट घराण्याचे कृत्य वाटतो, समाजव्यवस्थेचे नव्हे. (छायाचित्रण देखणे आहे, हे मान्य केले पाहिजे.)

येथे पटाचारेची कथा आठवावी. श्रावस्तीच्या श्रेष्ठीची ही कन्या घरातल्या नोकराबरोबर निघून गेली. म्हणजे आर्चीच ती, अडीच हजार वर्षांपूर्वीची. नवरा सर्पदंशाने गेला, एक मूल ससाण्याने उचलले, दुसरे नदीत वाहून गेले, आणि आईबाप व भाऊ घर कोसळून दगावले. वेडी होऊन फिरणाऱ्या त्या स्त्रीला तथागतांनी भानावर आणले आणि पुढे विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये ती अग्रगण्य ठरली. पटाचाराही पार्थवीप्रमाणे एकटी उरली. पण तिची कथा तिच्या आक्रोशावर संपत नाही, तेथून सुरू होते.

आणखी एक भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. पटाचारेची माणसे साप, ससाणा, पूर आणि वादळ यांनी नेली. आर्ची-परश्याला माणसांनी ठरवून मारले. आपल्याकडे काही वक्ते अशा प्रसंगीही ‘सर्व संस्कार अनित्य आहेत’ असे सांगून बसतात. आम्हाला हे पटत नाही. अनित्यता दुःख सोसण्यासाठी आहे, खुनाला पांघरूण घालण्यासाठी नाही. पूज्य बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिसंस्थेचे उच्छेदन’ या भाषणात आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला. आर्ची-परश्या त्याच वाटेवरचे प्रवासी होते, आणि म्हणूनच मारले गेले.

ही केवळ पडद्यावरची गोष्ट आहे असे समजू नये. ‘सैराट’ येण्यापूर्वी दोन वर्षे आणि एक दिवस, 28 एप्रिल 2014 रोजी, तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून ठार करण्यात आले. नोव्हेंबर 2017 मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. ‘धडक’ आला तो त्यानंतर आठ महिन्यांनी.