हळदीच्या गिरणीला अनुदान: हातात नव्हे, कर्जखात्यात

प्रश्न : माझी वसमतला पाच एकर हळद असते. दळून, पाकिटं भरून विकायचा विचार आहे. यंत्रांसाठी अनुदान मिळेल का? ते आधी मिळतं का? (एक शेतकरी, जि. हिंगोली)

उत्तर : केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० साली सुरू झाली, ती तुमच्यासारख्यांसाठीच. पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळतं. मात्र ते कर्जाशी जोडलेलं आहे. समजा, यंत्रं १० लाखांची आहेत. किमान १ लाख तुमचे, उरलेलं कर्ज. साडेतीन लाखांचं अनुदान बँकेत तुमच्या नावे वेगळं ठेवलं जातं. तीन वर्षांनी खातं थकीत नसेल आणि गिरणी चालू असेल, तरच ते कर्जात वळतं होतं. म्हणून अनुदान धरून नव्हे, हप्ता धरून हिशेब मांडा. जमिनीची किंमत आणि खेळतं भांडवल अनुदानात धरत नाहीत. कच्ची हळद भरायला पैसा लागतोच, आणि बरेच जण नेमके तिथेच अडकतात.

प्रकल्प अहवालासाठी दलालाला पैसे देऊ नका. तालुका कृषी कार्यालयात जिल्हा संसाधन व्यक्तीचं नाव विचारा. अहवाल आणि अर्जाला मदत करणं हे त्यांचं कामच आहे. यंत्राची ऑर्डर मात्र कर्जमंजुरीनंतरच द्या.