जर्मनीचं मनात घेतलंयस ना?

अगं, आईने सगळं सांगितलं फोनवर. ताट सरकवून उठलीस तेसुद्धा. आता दार लोटून घे आणि ऐक.

तुला जर्मनीला जायचंय, हे कळलं. काय शिकायला, असं विचारलं तर म्हणालीस, ‘तिथे फी नसते ना ताई!’ बऱ्याच सरकारी विद्यापीठांत नसते, खरंय. पण बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये युरोपबाहेरच्या मुलांकडून सत्राला १५०० युरो घेतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता फी लावलीय. आणि फी नसली तरी भूक लागतेच. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. रुपयांत दहा लाखांच्या वर. हा आकडा ऐकूनच बाबा गप्प झाले असणार, तुझ्यावर चिडून नाही.

दुसरं म्हणजे, नुसत्या बारावीवर तिथे थेट प्रवेश सहसा मिळत नाही. जेईई अॅडव्हान्स्ड पास हवी, नाहीतर इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात एक वर्ष नीट पार पाडलेलं हवं. आणि त्या वर्षी जो विषय घेशील, त्याच्याशी जुळणाराच अभ्यासक्रम तिथे मिळतो. म्हणजे ‘आधी जाते, मग ठरवते’ हे चालायचं नाही, राणी. शिवाय तिथले पदवीचे वर्ग बहुतेक जर्मनमधून. मॅक्समुल्लर भवनात चार महिने जाऊन थर्मोडायनॅमिक्स कळेल एवढं जर्मन येत नाही.

माझं विचारशील तर पदवी इथे कर, मास्टर्सला तिकडे जा. मास्टर्सला इंग्रजीतून शिकवणारे कोर्स भरपूर आहेत, आणि तोवर तुला स्वयंपाकही येईल, निदान वरण-भात. इथे कॅप राउंडमधून इंजिनीअरिंगला गेलीस तर आणखी एक गोष्ट आहे: २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. आपण त्यात बसतो. दाखले मात्र आत्ताच काढायला लाव. शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रात उभं राहायलाही जागा नसते.

राहिला विषय. मामा ‘कॉम्प्युटरच घे’ म्हणतोय, तो दर वर्षी प्रत्येकालाच तेच सांगतो. तू एक कर. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बघू नकोस, तो सगळ्या शाखांना जवळपास सारखाच असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यापीठाच्या साइटवरून उतरवून घे. सिव्हिल, इन्स्ट्रुमेंटेशन, जे काही डोक्यात असेल त्याचा. विषयांची नावं वाचून कशाबद्दल ‘हे काय असतं?’ असं वाटतं आणि कशावर जांभई येते, ते पेन्सिलीने लिही. मग त्या शाखेच्या तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलीला गाठ, आणि प्रॅक्टिकलला खरंच काय करायला लावतात ते विचार. प्राध्यापकांना नको, ते माहितीपत्रकच वाचून दाखवतील.

बाबांशी मी बोलते. पण ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी तुझी ती पेन्सिलीची यादी मला व्हॉट्सअॅप कर.